प्रस्थान

आपल्याकडे पूर्वी प्रस्थान ठेवण्याची चाल होती. निघावयाच्या दिवशी मुहूर्त साधत नसला, म्हणजे आदल्या एखाद्या शुभ वेळी प्रवाशाने आपले एखादे वस्त्र किंवा सुपारी-तांदळाची पुरचुंडी शेजारच्या घरी नेऊन ठेवावी, आणि मग आपल्या सोयीने खुशाल निघावे. प्रवास त्या शुभ वेळीच सुरू झाला, असे मानीत. लहानपणी आम्हांस या चालीची मौज वाटे. ग्रहनक्षत्रांस इतक्या सहज चकविता येते, तर त्यांची भीती तरी कशास बाळगावी, असा आमचा तर्क असे. परंतु पुढे प्रवास पुष्कळ घडला, त्यातही मोटारसायकलीवरचा अधिक घडला, तेव्हा त्या चालीतील मुहूर्ताचे टरफल टाकून दिले तरी आत शहाणपणाचा दाणा शिल्लक राहतो, असे आमच्या ध्यानात आले. प्रवास उंबरठा ओलांडल्यावर सुरू होत नाही. तो आदल्या दिवशीच सुरू झालेला असतो. आणि तो कसा होणार, हेही बरेचसे त्याच वेळी ठरून गेलेले असते.

साहित्य आणि समीक्षा यांस वाहिलेल्या मासिकात मोटारसायकलीच्या चेनीची आणि टायरांची चर्चा कोठून आली, असे एखादा वाचक विचारील. त्यास आमचे उत्तर इतकेच की, ज्या घरांत हे मासिक वाचले जाते, त्यांतील फार थोड्या घरांच्या दाराशी आज दुचाकी उभी नसेल. आमच्या आजोबांच्या पिढीने जिला फटफटी म्हणून कौतुकाने आणि थोड्या धाकानेही पाहिले, ती आता घरातलीच झाली आहे. सुटी लागली, की याच घरांतील मुलेमुली पाठीला पिशव्या बांधून कोकणात उतरतात, कोणी गोव्यास जातात, कोणी धाडसी मनाली-लेहची वाट धरतात. निघताना आई हातावर दही घालते, डब्यात लाडू भरते, पोहोचताच फोन करण्याची शपथ घालते. वडील भ्रमणध्वनीवर पावसाचा अंदाज पाहतात आणि पैसे पुरेसे आहेत ना, असे विचारतात. या सर्व वात्सल्यात एक गोष्ट मात्र राहून जाते. खाली वाकून गाडीच्या चाकाकडे कोणीच पाहत नाही.

२०२२ सालच्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयातील दोन मित्र एका मोटारसायकलीवरून कोकणात निघाले. घाटाच्या ओल्या उतारावर गाडीची चेन दात्यांवरून उतरली आणि मध्येच अडकून बसली. मागचे चाक जागच्या जागी थांबले आणि गाडी आडवी झाली. चालविणाऱ्यास खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मागे बसलेल्याचे पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले. तो काठी टेकीत वर्गात पुन्हा येऊ लागला, तेव्हा दुसरे सत्र निम्मे संपले होते. चालविणारा मुलगा वाईट नव्हता. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने गाडी धुतली होती, टाकी पुसून चकचकीत केली होती, वाट दाखविणारा फोन बसविण्यासाठी हँडलला नवा धारकही लावला होता. तो आम्हांस भेटावयास आला असता खाली मान घालून म्हणाला, "सर, पंधरा दिवस चेन वाजत होती. मला वाटलं, आल्यावर बघू."

हे 'आल्यावर बघू' आमच्या कानांतून गेले नाही. या दोन शब्दांवर आपल्या देशातील किती वाहने चालत असतील! लोक म्हणतात, यंत्राचा भरवसा नाही. आमचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. माणूस एखादे वेळी मनातले मनातच ठेवील. यंत्रास ती विद्या येत नाही. चेन सैल झाली की ती वाजते. ब्रेकची पॅडे झिजली की लीव्हर अधिक आत येतो किंवा चकतीवर लोखंड घासल्याचा आवाज येतो. केबल तुटण्यापूर्वी तिचा एकेक तंतू सुटतो. पंधरा दिवस ती चेन त्या मुलास हाका मारीत होती. ऐकणारा कान तेवढा नव्हता. प्रवासापूर्वीची तपासणी म्हणजे यंत्राचे हे बोलणे एकदा शांतपणे ऐकून घेणे. त्यास यंत्रविशारद व्हावे लागत नाही. रोग्याचा ताप ओळखण्यास आईला कोठे वैद्यकी शिकावी लागते?

या विषयावर इंग्रजीत रॉबर्ट पर्सिग यांचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे १९७४ साली निघालेले पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात लेखकाच्या एका स्नेह्याच्या किमती जर्मन गाडीचे हँडल सैल होते. बिअरच्या डब्याच्या पत्र्याची एक पट्टी कापून आत सारली की काम होईल, असे लेखक सुचवितो. परंतु असल्या गाडीस डब्याचा पत्रा लावावयाचा, ही कल्पनाच त्या गृहस्थास अपमानास्पद वाटते. त्याला यंत्राचा कंटाळा आहे; त्याच्या अंतरंगाशी काही संबंध नको आहे. आपली अडचण थोडी निराळी आहे. आपणांस यंत्राचा कंटाळा नाही. आपण त्यास हळदकुंकू वाहतो, त्याच्यावर मुलाचे नाव घालतो. परंतु त्यास हात लावणे हे गॅरेजवाल्याचे काम, अशी आपली पिढीजात समजूत आहे. हात काळे झाले म्हणजे शिक्षण वाया गेले, असे मानणाऱ्या वर्गात आम्हीही वाढलो. म्हणून हे अधिक आग्रहाने लिहीत आहोत.

पंचांगास पाच अंगे असतात: तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. मोटारसायकलीच्या प्रस्थानासही आम्ही पाच अंगे मानतो: चाक, चेन, ब्रेक, दिवा आणि तेल. ही पाहण्यास अर्धा तास पुरतो. मात्र तो अर्धा तास निघावयाच्या पहाटेचा नसावा. पहाटे पाच वाजता दोष सापडला, तर गॅरेज उघडे नसते, आणि बांधलेले सामान व जागी झालेली हौस माणसाला म्हणू लागतात, चल, काही होत नाही. निदान दोन दिवस आधी पाहावे. म्हणजे सापडलेला दोष दुरुस्त करता येतो, आणि दुरुस्ती नीट झाली की नाही हे गावातल्या गावात फिरून पारखताही येते.

पहिले अंग चाक. रस्त्याशी गाडीचा संबंध येतो तो दोन तळहातांएवढ्या रबराने. दोन माणसांचे प्राण आणि सारे सामान त्या दोन तळहातांवर असते. हवा मोजावी ती टायर थंड असताना, कारण चालून तापलेल्या टायरात दाब वाढलेला दिसतो. १०० ते १५० सीसीच्या अनेक गाड्यांस पुढे २५ आणि मागे २८ पौंड हवा सांगितलेली असते, आणि मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकास ३२ ते ३३. तथापि आपल्या गाडीचा खरा आकडा तिच्या पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या चिकटपट्टीवर पाहावा. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, आणि त्या दबण्याउठण्याने तापतो. गावात जे निभावून जाते, ते सातारा रस्त्यावर भर उन्हात दोन तास सलग चालताना निभावेलच असे नाही. मग चाक हळूहळू फिरवून खिळा, काच, भेग, फुगवटा पाहावा. टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. झिजून टायर त्यांच्या पातळीस आला, की त्याचे आयुष्य संपले. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. खाचा शाबूत असूनही रबर म्हातारे झालेले असू शकते, हे या आकड्यांवरून कळते. तारांचे चाक असेल तर प्रत्येक तारेवर पान्याने हलकेच टिचकी मारावी. ताठ तार खणकन वाजते, सैल तार बद्द बोलते. सतारीचा कान असलेल्यास हे सांगावयास नको.

दुसरे अंग चेन. चेनीवर पूर्ण झाकण असलेल्या गाडीत ती पाहण्यासाठी रबराच्या बुचाचे एक छिद्र ठेवलेले असते. कित्येक मालकांनी ते बूच गाडी घेतल्यापासून काढलेले नसते. दोन दात्यांच्या मधोमध, खालच्या बाजूने चेन बोटाने वरखाली करून पाहावी. बहुतेक साध्या गाड्यांत हा झोल दोन ते तीन सेंटिमीटर असतो. नेमके माप पुस्तिकेत असते. चाक थोडे थोडे फिरवून तीनचार ठिकाणी पाहावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. ती फार सैल असली तर उतरण्याचे भय. फार ताणलेली असली, तर माणसे बसून मागचा भाग दबला म्हणजे आणखी ताणते आणि बेअरिंगांचा जीव घेते. ताणून घेतल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत आणि आसाचे नट पक्के आहे, हे आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गॅरेजातून निघू नये. दात्यांची टोके एका बाजूस कलून आकड्यासारखी झाली असतील, तर नुसती नवी चेन घालून भागत नाही. सारा संच बदलावा लागतो. शेवटी चेन पुसून तिला तेल द्यावे, आणि वाटेत पाऊस लागला तर मुक्कामी पुन्हा द्यावे.

तिसरे अंग ब्रेक. पुढच्या चकतीच्या पॅडांची जाडी विजेरीच्या उजेडात दिसते. मागे ड्रम असेल, तर पेडल दाबून धरल्यावर तेथील बाण झिजेच्या खुणेपलीकडे जातो की काय, ते पाहावे. हँडलावरच्या लहान भांड्यातील ब्रेक ऑईल किमान पातळीच्या वर हवे. परंतु पातळीइतकेच त्याचे वयही महत्त्वाचे आहे. हे ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि ओलावा मुरला की ते कमी उष्णतेला उकळू लागते. आंबोलीसारख्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर तो तापतो, ऑईलात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, आणि लीव्हर मुठीपर्यंत आला तरी गाडी थांबत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी हे ऑईल बदलावे, आणि उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाकडूनच गाडी आवरून घ्यावी. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीवरील नव्या दुचाकींस चाक जाम होऊ न देणारी ए. बी. एस. यंत्रणा सक्तीची झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु झिजलेल्या पॅडांस ती यंत्रणा नवे करीत नाही. हाताशी असताना क्लचची केबलही पाहावी. लीव्हरपाशी एक जरी तंतू सुटलेला दिसला, तरी ती आजच बदलावी. ॲक्सिलरेटर पिळून सोडला की तो आपोआप झटकन मागे यावा; इंजिन सुरू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळविले असता त्याची गती वाढू नये.

चौथे अंग दिवा. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो; त्यामुळे तो आहे की नाही हे कळते. मागचा दिवा मात्र चालविणाऱ्यास कधीच दिसत नाही, आणि खरोखर जीव राखतो तो तोच. गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी आणि हाताचा व पायाचा ब्रेक निरनिराळा दाबून भिंतीवर तांबडा उजेड पडतो का, हे पाहावे. दोहोंची बटणे वेगळी असतात, आणि एक चालते म्हणून दुसरे चालतेच असे नाही. आमच्या घरी हे काम आमच्या सौभाग्यवतींकडे असते. त्या मागे उभ्या राहून "लागला", "नाही लागला" असा निर्णय न्यायाधीशाच्या गांभीर्याने देतात, आणि त्यावर अपील नसते. दिव्यांच्या पोटात बॅटरी येते. पूर्वी बॅटरी बसली तरी किक मारून घरी येता येई. आता पुष्कळ गाड्यांस किकच नसते, आणि इंजिनास पेट्रोल पोहोचविणारा पंपदेखील विजेवर चालतो. म्हणून स्टार्टर दाबल्यावर तो कण्हत असेल, तर त्याचे ऐकावे.

पाचवे अंग तेल. आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांची इंजिने वाऱ्याने थंड होतात. तेथे ऑईल हे वंगण तर खरेच, पण उष्णता वाहून नेणारेही तेच. गाडी सपाट जागी सरळ उभी करून, इंजिन थोडे चालवून बंद करावे, दोनतीन मिनिटे थांबावे, आणि मग काचेतून किंवा पट्टी पुसून पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी वाईट, तसे जास्तही वाईट. ऑईल बदलण्याची वेळ प्रवासाच्या मध्येच येणार असेल, तर निघण्यापूर्वीच बदलून घ्यावे. पेट्रोलविषयीही एक सांगावेसे वाटते. जुन्या गाडीस रिझर्व्हची कळ होती. टाकी संपली तरी ती फिरवून पुढच्या गावापर्यंत जाता येई. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आल्यावर बहुतेक गाड्यांचा कार्ब्युरेटर गेला आणि त्याबरोबर ती कळही गेली. आता काट्यावर विश्वास ठेवून घाट चढू लागण्यापूर्वी पेट्रोल भरणे हाच रिझर्व्ह.

इतके पाहून झाले म्हणजे आरसे, नंबरपट्टीचे स्क्रू, साइड स्टँडची स्प्रिंग यांवरून एकदा हात फिरवावा. धक्क्यांनी नटबोल्ट सैल होतात, ते डोळ्यांपेक्षा बोटांस आधी कळते. पुढचा ब्रेक धरून गाडी मागेपुढे हलवावी. हँडलाच्या मुळाशी टक् असा आवाज झाला, तर तेथील बेअरिंग पाहून घ्यावे. सामानात पान्यांची पिशवी, एक जादा क्लच केबल, फ्यूज आणि पंक्चरचे साहित्य असावे. यातील एकही गोष्ट कठीण नाही, आणि जी आपल्याच्याने होणार नाही ती गॅरेजात सांगावी. परंतु "जरा सगळं बघून घ्या" असे मोघम सांगण्यापेक्षा "मागच्या चाकाची तिसरी तार सैल आहे" असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाची गाडी अधिक नीट पाहिली जाते, असा आमचा अनुभव आहे. ज्याला प्रश्न विचारता येतो, त्याला उत्तरही काळजीपूर्वक मिळते. वर्गात हेच दिसते आणि गॅरेजातही हेच दिसते.

कोणी म्हणेल, एवढे करूनही अपघात व्हावयाचा तो होतोच. खरे आहे. समोरच्या ट्रकचालकाची झोप आमच्या पट्टीने मोजता येत नाही, वळणावरची खडी आदल्या दिवशी दिसत नाही. परंतु जे आपल्या हाती नाही त्याचा दाखला देऊन जे आपल्या हाती आहे तेही सोडून द्यावे, हा कोठला न्याय? आणि येथे आम्हांस त्या मागे बसलेल्या मुलाची आठवण होते. पुढच्याच्या हाती निदान हँडल असते, ब्रेक असतो, गाडी हेलकावली तर सावरण्याचा एक क्षण असतो. मागच्याच्या हाती काहीच नसते. त्याला चेनीचा आवाज ओळखता येत नाही, टायरचे साल ठाऊक नसते. तो पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, डोंगरावरचे ढग पाहत, निश्चिंत बसलेला असतो. ती निश्चिंती त्याने आपणांस उसनी दिलेली असते. तिची परतफेड घाटात करता येत नाही; ती आदल्या दिवशी, विजेरी आणि फडके घेऊन, गुडघ्यांवर बसूनच करावी लागते. तो मुलगा आता बरा चालतो. पावसाळ्यात पाय दुखतो, एवढेच म्हणाला. त्याचा मित्र अजूनही गाडी चालवितो, परंतु निघण्यापूर्वी चेन पाहिल्याशिवाय नाही, आणि त्याच्या तोंडून 'आल्यावर बघू' हे शब्द आम्ही पुन्हा ऐकले नाहीत.

आपल्या पूर्वजांनी सणांचा क्रम मोठ्या विचाराने लावलेला दिसतो. नवमीस शस्त्रे बाहेर काढावयाची, पुसावयाची, त्यांची पूजा करावयाची. आणि दुसऱ्या दिवशी दशमीस सीमोल्लंघन. आधी हत्यार पाहणे, मग शिव ओलांडणे. आता शस्त्रांच्या जागी आपण मोटारसायकल उभी करतो, तिच्या हँडलास झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. यात हसण्यासारखे काही नाही. ज्याच्यावर आपला भार, त्याच्यापुढे हात जोडावेत, हे चांगलेच. आमची सूचना एवढीच की, या खंडेनवमीस लिंबू ठेवावयास वाकलोच आहोत, तर त्या चाकाच्या खाचा आणि हवा यांवरही नजर टाकावी, चेनीखाली बोट घालून पाहावे, आणि घरातील कोणास तरी मागे उभे करून तांबडा दिवा लागतो का, हे विचारावे. झेंडूची माळ त्यानंतर घालावी.